कॅनडाचं स्वतंत्र रूट्स आणि कंट्री संगीत: नव्या अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडमंटनला राहायला आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात सोबतीला होता तो गाडीतला रेडिओ. बाहेर उणे तीस, काचेवर बर्फाची साय, आणि आत कुणीतरी फक्त गिटार घेऊन आपल्या गावातल्या धान्याच्या जुन्या लाकडी कोठाराबद्दल गात होतं. गोडी लागली ती लागलीच. आता पुण्याचे मित्र, ब्रॅम्प्टनची मावसबहीण, कॅलगरीत नव्याने आलेली मराठी मंडळी, सगळेच मला तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून ही उत्तरं एकदाच सविस्तर लिहून काढली आहेत.

रूट्स म्हणजे नेमकं काय? कंट्री वेगळं आणि रूट्स वेगळं का?

रूट्स ही मोठी पिशवी समजा. तिच्यात लोकगीतं, ब्लूग्रास, जुन्या वळणाचं कंट्री, ब्लूज, फिडलवरची नाचाची धून, काउबॉय लोकांची गाणी असं सगळं येतं. कंट्री हा त्यातलाच एक प्रकार. पण आज रेडिओवर जे चकचकीत कंट्री लागतं, ते ऐकायला पॉपच्या जवळचं असतं. रूट्सवाले गिटार, बॅन्जो, फिडल, मँडोलिन, पेडल स्टील या वाद्यांना धरून असतात आणि गाण्यात गोष्ट सांगतात. कॅनडाच्या जुनो या संगीत पुरस्कारांत २०१६ पासून रूट्सचे दोन वेगळे विभाग आहेत, एक पारंपरिक आणि एक समकालीन. त्यांची नामांकनं दरवर्षी नजरेखालून घातली तरी ऐकण्यासारखं पुष्कळ हाती लागतं.

पण कंट्री तर अमेरिकेचं ना? कॅनडात ते कुठून आलं?

हा प्रश्न ऐकला की मला हँक स्नो आठवतो. नोव्हा स्कॉशियातल्या ब्रुकलिन नावाच्या छोट्या गावात १९१४ साली जन्मलेला हा माणूस, बाराव्या वर्षी मासेमारीच्या गलबतावर पोऱ्या म्हणून चढला. पुढे १९५० साली त्याचं 'आय अॅम मूव्हिंग ऑन' अमेरिकेच्या कंट्री यादीत २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच्याही आधी विल्फ कार्टर. तोही नोव्हा स्कॉशियाचाच, पण अल्बर्टात येऊन काउबॉय झाला आणि १९३३ मध्ये माँट्रियलला पहिली रेकॉर्ड केली. म्हणजे हे संगीत इथे सीमेपलीकडून नुसतं आयात झालेलं नाही. पूर्व किनाऱ्यावर स्कॉटिश आणि आयरिश वस्त्यांचं फिडल, मधल्या मैदानात गहू आणि गुरं, क्युबेकमध्ये फ्रेंच गाणी, आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथे असलेल्या मूलनिवासी लोकांचे सूर, असा सगळा मेळ आहे.

पश्चिमेकडच्या गाण्याचा वडीलधारा माणूस इयान टायसन. १९३३ साली व्हिक्टोरियात जन्म, डिसेंबर २०२२ मध्ये निधन. त्याचं 'फोर स्ट्राँग विंड्स' १९६३ मध्ये आलं. कामाच्या शोधात अल्बर्टाला निघालेल्या माणसाचं हे गाणं. २००५ मध्ये सीबीसी रेडिओच्या श्रोत्यांनी कॅनडाचं सर्वांत महत्त्वाचं गाणं म्हणून त्यालाच कौल दिला. मुंबईहून, नागपूरहून नोकरीसाठी इथे आलेल्या कुठल्याही माणसाने ते एकदा एकट्याने ऐकावं.

'स्वतंत्र' कोणाला म्हणायचं?

सोपी व्याख्या: रेकॉर्डिंगची मालकी आणि निर्णय मोठ्या कंपनीकडे नसून कलाकाराकडे, किंवा त्याने स्वतः निवडलेल्या छोट्या लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडे आहेत. पण व्याख्येपेक्षा माणसं सांगते.

स्टॉम्पिन टॉम कॉनर्स. न्यू ब्रन्सविकच्या सेंट जॉनमध्ये जन्म, बालपण प्रिन्स एडवर्ड आयलंडवर, आणि तरुणपण गिटार घेऊन, रस्त्यावर उभं राहून मिळेल त्या गाडीत लिफ्ट घेत देशभर हिंडण्यात गेलेलं. १९६४ मध्ये ऑन्टारिओतल्या टिमिन्सच्या एका हॉटेलात बिअरला पाच सेंट कमी पडले. बारवाला म्हणाला, दोन गाणी म्हण. तो तिथेच वर्षभराहून जास्त काळ गात राहिला! गोंगाटात ताल ऐकू यावा म्हणून तो डावा पाय आपटायचा, आणि जमीन खराब होऊ नये म्हणून पायाखाली प्लायवूडचा तुकडा ठेवायचा. कार्यक्रमाच्या शेवटी त्या फळीचा भुस्सा झालेला असायचा. १९७१ मध्ये त्याने सहकाऱ्याबरोबर बूट रेकॉर्ड्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं आणि त्यावर इतर कॅनेडियन कलाकारांनाही पहिली संधी दिली. १९७८ मध्ये त्याने आपले सहाही जुनो पुरस्कार परत पाठवले. अमेरिकेत जाऊन बसलेल्यांनाच इथले मान मिळतात, ही त्याची तक्रार होती. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं तो गप्प राहिला. स्वाभिमान म्हणजे काय ते मी या माणसाकडून शिकले.

दुसरं उदाहरण काउबॉय जंकीजचं. नोव्हेंबर १९८७ मध्ये टोरंटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एका दिवसात, एकाच मायक्रोफोनभोवती बसून त्यांनी 'द ट्रिनिटी सेशन' रेकॉर्ड केला. जंकी म्हणजे नशेबाज, तेव्हा बँडचं नाव ऐकून चर्चवाले बिचकतील म्हणून 'टिमिन्स फॅमिली सिंगर्स' असं नाव सांगून जागा घेतली. खर्च सुमारे २५० डॉलर. आधी तो त्यांच्या स्वतःच्याच लेटंट रेकॉर्डिंग्जवर निघाला आणि मग मोठी कंपनी दारात आली. आजही तो हेडफोन लावून ऐका. वाजवणारा माणूस मायक्रोफोनपासून किती पावलं लांब बसला आहे, ते कानाला कळतं.

आणि स्ट्रिंगबँड. सत्तरच्या दशकात या टोरंटोच्या गटाने चक्क वर्गणी काढली. चाहत्यांकडून अल्बमचे पैसे आगाऊ घेतले, त्यातून रेकॉर्ड काढली, आणि अल्बमच्या नावातच पैसे देणाऱ्यांचे आभार मानले. आज ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात ते हेच.

मग कोल्टर वॉल स्वतंत्र आहे की नाही? त्याच्या अल्बमवर तर आरसीए या मोठ्या कंपनीचं नाव दिसतं.

रास्त प्रश्न. कोल्टर वॉल सस्कॅचवनच्या स्विफ्ट करंटचा. वडील ब्रॅड वॉल त्या प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री होते. पहिले अल्बम छोट्या लेबलवर आले. २०२३ चा 'लिटल साँग्ज' आणि २०२५ चा 'मेमरीज अँड एम्प्टीज' ला होंडा या छोट्या लेबलने आरसीएच्या जोडीने काढले. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो पूर्ण स्वतंत्र नाही. पण तो अजूनही सस्कॅचवनमध्ये गुरं पाळतो, आणि गाण्यात एकही गोष्ट बाजाराकडे बघून बदललेली मला दिसत नाही. मी त्याला यादीत ठेवते. ज्यांना नियम कडक हवा त्यांनी वगळावा, माझी हरकत नाही.

अलीकडे आलेल्यांपैकी काय ऐकू?

माझ्या आवडीने सांगते. क्रमवारी नाही.

सुरुवात कॉर्ब लंडपासून. दक्षिण अल्बर्टातल्या टेबरचा, रँच आणि रोडिओवाल्या घरातला. 'एल व्हिएहो' हा अल्बम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. लेथब्रिजमधल्या स्वतःच्या घरात, बैठकीच्या खोलीत, विजेची गिटार न वापरता बँडने एकत्र बसून तो वाजवला. अल्बमच्या नावाचं गाणं इयान टायसनसाठी आहे. बरीचशी गाणी जुगाराची, पत्त्यांची, हरणाऱ्या माणसांची. मला त्यात आवडतो तो मोकळेपणा. गळ्याला गिलावा नाही, वाद्यं एकमेकांच्या अंगावर चढत नाहीत. हाच माणूस रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर कोळशाच्या खाणी होऊ नयेत म्हणून सह्या गोळा करत उभा राहिला, कारण तिथूनच खालच्या शेतांना पाणी येतं. गाणं आणि माणूस यांत फट नसली की ऐकताना विश्वास वाटतो.

विल्यम प्रिन्स मॅनिटोबातल्या पेगुइस फर्स्ट नेशन या मूलनिवासी समाजाचा. त्याचा आवाज खोल आहे, विहिरीतून यावा तसा, पण ऊबदार. २०१५ च्या 'अर्थली डेज'ने त्याला जुनो मिळवून दिला. २०२३ मध्ये 'स्टँड इन द जॉय' आला आणि २०२५ मध्ये 'फर्दर फ्रॉम द कंट्री'. मी नवख्या माणसाला 'स्टँड इन द जॉय'च आधी देते. आनंदावर इतकी शांत, जबाबदार गाणी लिहिणं दुःखावर लिहिण्यापेक्षा अवघड असतं.

नोएलीन हॉफमन अल्बर्टाच्या बो आयलंडची. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची 'पर्पल गॅस' ही छोटी रेकॉर्ड आली. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

मेरिएल बकली कॅलगरीची. 'एव्हरीव्हेअर आय युज्ड टू बी' २०२२ चा आहे, म्हणजे अगदी ताजा नाही, पण चुकवू नका. छोट्या गावात वेगळं असण्याचा एकटेपणा तिने ज्या सरळपणाने मांडला आहे, तो मला दुसरीकडे फारसा सापडलेला नाही.

काया केटर माँट्रियलमध्ये जन्मलेली, वडिलांकडून ग्रेनाडाची. बॅन्जो वाजवते, आणि बॅन्जो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिका खंडात घडवलं, हे ती ऐकणाऱ्याला विसरू देत नाही. वेस्ट व्हर्जिनियात राहून तिने अॅपलाचियन संगीत शिकलं. २०२४ चा 'स्ट्रेंज मेडिसिन' मात्र पारंपरिक चौकटीच्या बराच बाहेर जातो. पहिल्यांदा ऐकताना गोंधळ होईल, दुसऱ्यांदा होणार नाही.

ज्युलियन टेलर टोरंटोचा, मोहॉक आणि कॅरिबियन दोन्ही वारसे असलेला. 'द रिज' २०२० मध्ये त्याने स्वतःच्याच हाउलिंग टर्टल लेबलवर काढला, 'पाथवेज' २०२४ मध्ये आला. निकोलेट अँड द नोबडीज हा ऑन्टारिओच्या गुएल्फमधला बँड. जुन्या ढंगाचं, दणकट, नाचता येईल असं कंट्री हवं असेल तर त्यांचा २०२४ चा 'द लाँग वे' लावा. आणि ब्लूग्रासची आवड असेल तर कॅलगरीत वाढलेल्या बेला व्हाइटचा २०२३ चा 'अमंग अदर थिंग्ज'.

रेजायनाचा द डेड साउथ हा गट बहुतेकांना व्हिडिओमुळे माहीत असतो: पांढरे शर्ट, गॅलिस, काळ्या हॅट आणि शीळ. ड्रमर नाही, चेलो मात्र आहे. २०२४ चा 'चेन्स अँड स्टेक्स' चांगला आहे, पण खरं सांगायचं तर मला ते रेकॉर्डपेक्षा रंगमंचावर जास्त आवडतात.

'पर्पल गॅस' म्हणजे काय? गाण्याचं असलं कसलं नाव?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर आपल्याला लगेच कळतं. अल्बर्टासारख्या प्रेअरी, म्हणजे मधल्या गवताळ मैदानाच्या प्रांतांत शेतीसाठीच्या इंधनावर कर कमी असतो. ते स्वस्तातलं इंधन कोणी साध्या गाडीत घालू नये म्हणून त्यात जांभळा रंग मिसळतात. टाकी तपासली आणि जांभळं निघालं, तर दंड. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं असायचं ते याचसाठी. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात स्टोव्हशेजारी निळ्या रॉकेलचा कॅन असे. ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो कॅन, त्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं आणि आजीच्या हाताचा वास आठवला. 'जांभळं' म्हणजे शेतावरचं, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. एका शब्दात अख्खं गाव उभं राहतं.

नोएलीनने स्वतः रँचवर काम केलं आहे, आणि ते गाण्यात नुसतं सजावटीला येत नाही. २०२४ मध्येच अमेरिकन गायक झॅक ब्रायनने हे गाणं तिच्याबरोबर आपल्या अल्बमवर गायलं, आणि बो आयलंडसारख्या गावातल्या मुलीचा आवाज एकदम जगभर पोचला. माझा सल्ला, तिची स्वतःची, एकटीची आवृत्ती आधी ऐका.

हे सगळे प्रेअरीतलेच का दिसतात?

सगळे नाहीत, पण प्रमाण जास्त आहे खरं. लांब हिवाळा, घरात बसून वाजवायची सवय, आणि जवळपास दुसरी करमणूक नाही. शिवाय अंतरं. विनिपेगहून टोरंटो रस्त्याने २,२०० किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून दिल्ली गाठायची आणि निम्म्या वाटेने परत यायचं, तेवढं. त्यातही मध्ये उत्तर ऑन्टारिओचं जंगल, तासन् तास नुसती झाडं आणि खडक. व्हॅनमध्ये चार माणसं, वाद्यं, आणि विकायच्या रेकॉर्डची खोकी. एवढ्या प्रवासात लिहिलेल्या गाण्यांत रस्ता येणारच.

पण पूर्वेकडे दुर्लक्ष करू नका. नोव्हा स्कॉशियाचा ओल्ड मॅन लुडेकी बॅन्जोवर घरगुती, हळवी, हुशार गाणी लिहितो. स्कॉटलंडहून लहानपणी आलेला डेव्हिड फ्रान्सी वीसेक वर्षं बांधकामावर राबला, पंचेचाळिशीच्या सुमारास पहिला अल्बम काढला, आणि पुढे तीन जुनो मिळवले. उशीर झाला असं वाटणाऱ्या प्रत्येकाला मी त्याचं नाव सांगते.

मूलनिवासी कलाकार या यादीत कुठे बसतात?

मध्यभागी. विल्यम प्रिन्स आणि ज्युलियन टेलर वर आलेच. मागचा धागा समजून घ्यायचा असेल तर २०१४ मध्ये निघालेलं 'नेटिव्ह नॉर्थ अमेरिका'चं पहिलं संकलन शोधा. साठ ते ऐंशीच्या दशकांत क्री, इनुइट, मिकमॉक आणि इतर समाजांतल्या गायकांनी केलेल्या, बाजारातून नाहीशा झालेल्या रेकॉर्ड त्यात पुन्हा ऐकायला मिळतात. काही गाणी इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेत, गिटारचा बाज मात्र ओळखीचा. राखीव वस्त्यांवर रेडिओतून कंट्री पोचलं, आणि लोकांनी ते आपलं करून घेतलं.

फ्रेंचमध्ये असं काही आहे का?

भरपूर. क्युबेकचा ल व्हाँ द्यु नॉर हा गट ऐका आणि शक्य असेल तर बघाच. खुर्चीत बसलेला फिडलवाला दोन्ही पायांनी जमिनीवर ताल धरतो, वर हात वेगळंच वाजवत असतात. न्यू ब्रन्सविकची लिसा लब्लाँ अकेडियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या फ्रेंच वस्तीतली आहे. तिची भाषा शियाक, म्हणजे फ्रेंच आणि इंग्रजीची गावरान सरमिसळ. घरात मराठी आणि इंग्रजीची भेळ बोलणाऱ्या आपल्या मुलांना ती पटकन जवळची वाटेल.

इंग्रजी गाण्यांचे शब्द कळत नाहीत. काय करू?

बोल समोर ठेवून ऐका, आणि शेजारी नकाशा उघडा. ही माझी खरोखरची पद्धत आहे. गाण्यात गावाचं नाव आलं की ते शोधते, तिथून जवळची नदी, रेल्वे, मोठं शहर बघते. तीन-चार अल्बम असे ऐकले की उच्चार आपोआप कानात बसतात. अडतं ते इंग्रजीमुळे कमी, आणि गुरं, घोडे, हवामान यांच्या शब्दांमुळे जास्त. चिनूक म्हणजे रॉकीवरून उतरणारा गरम वारा, जो हिवाळ्यात काही तासांत बर्फ वितळवतो, हे कळल्यावर अल्बर्टाची निम्मी गाणी उलगडतात.

मुलांबरोबर ऐकता येईल का?

बहुतेक हो. कोल्टर वॉलच्या सुरुवातीच्या गाण्यांत खून आणि दारू आहे, ती आधी स्वतः ऐका. स्टॉम्पिन टॉमची हॉकीवरची आणि बटाट्यावरची गाणी मुलांना हमखास आवडतात.

कॅनडाचं सरकार या कलाकारांना मदत करतं का?

दोन गोष्टी समजून घ्या. एक, १९७१ पासून रेडिओ स्टेशनांना ठरावीक प्रमाणात कॅनेडियन संगीत वाजवावंच लागतं. आधी ३० टक्के, १९९९ पासून लोकप्रिय संगीतासाठी ३५ टक्के. गाणं कॅनेडियन ठरवताना चार गोष्टी बघतात: संगीत, कलाकार, सादरीकरण आणि शब्द. चारपैकी दोन जुळाव्या लागतात. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून या पद्धतीचं नाव 'मेपल'सारखं ऐकू येतं.

दोन, फॅक्टर नावाची संस्था १९८२ पासून रेकॉर्डिंग, दौरे, प्रसिद्धी यांसाठी अनुदान देते. फ्रेंच कलाकारांसाठी म्युझिकअॅक्शन आहे. अल्बमच्या मागे छोट्या अक्षरांत हे नाव खूपदा दिसेल. मला यात काहीच कमीपणा वाटत नाही. शेजारी अमेरिकेएवढी बाजारपेठ असताना हे कुंपण घातलं नसतं, तर यातले बरेच आवाज आपल्यापर्यंत आलेच नसते.

नवीन काय आलं ते वेळेवर कसं कळणार?

२०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवा. रेडिओमध्ये माझा भरवसा सीकेयूए वर. एडमंटनचं हे स्टेशन १९२७ पासून चालू आहे आणि मुख्यतः श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. १९९७ मध्ये काही आठवडे बंद पडलं होतं, श्रोत्यांनीच पैसे उभे करून परत सुरू केलं. इंटरनेटवरून ते नाशिकमध्येही ऐकता येतं. लेबलांमध्ये टोरंटोचं सिक्स शूटर रेकॉर्ड्स आणि डॅनियल रोमानो व मित्रांचं यू हॅव्ह चेंज्ड रेकॉर्ड्स यांच्याकडे लक्ष ठेवा. छोट्या लेबलला स्वतःची चव असते. एक अल्बम आवडला की पुढचा बहुधा आवडतोच.

स्ट्रीमिंगवर ऐकलं तर कलाकाराला काही मिळतं का?

फार थोडं. स्पॉटिफायने तर २०२४ पासून असा नियम केला की वर्षभरात १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच द्यायचं नाही. छोट्या गावातल्या नव्या गायकाला याची झळ सगळ्यात जास्त बसते. मी स्ट्रीमिंगवर ऐकून बघते, तीनदा ऐकावंसं वाटलं की विकत घेते. बँडकँपवर डिजिटल अल्बम घेतला तर कंपनी साधारण १५ टक्के कापते, वस्तूंवर १० टक्के. अधूनमधून 'बँडकँप फ्रायडे' असतो, त्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते. ही प्रथा मार्च २०२० मध्ये, सगळे कार्यक्रम बंद पडले तेव्हा सुरू झाली.

पैसे येण्याची आणखी एक वाट आहे, ती म्हणजे दुसऱ्या कुणी गाणं गाणं. विनिपेगच्या ब्रदर्स लँड्रेथचं 'मेड अप माइंड' अमेरिकन गायिका बॉनी रेटने गायलं आणि २०२३ मध्ये तिला त्यासाठी ग्रॅमी मिळालं. गाणं लिहिणाऱ्याचं नाव अशा वेळी जगभर जातं.

भारतात एलपी मागवावी का?

मन लावून विचार करा. टपालखर्च कधी कधी रेकॉर्डइतकाच होतो, वर सीमाशुल्क. मी भावाला पुण्याला पाठवलेली एक एलपी मे महिन्यात पोचली ती वाकून, ताटलीसारखी. तेव्हापासून मी डिजिटल अल्बम भेट देते आणि एलपी डिसेंबरात जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत, दोन साड्यांच्या मध्ये घालून पाठवते. साड्यांमधली एकही वाकलेली नाही.

प्रत्यक्ष ऐकायचं तर कुठे जाऊ?

उन्हाळ्यात या. जुलैत विनिपेग फोक फेस्टिव्हल, १९७४ पासूनचा. ऑगस्टमध्ये एडमंटन फोक म्युझिक फेस्टिव्हल, १९८० पासूनचा. ऑन्टारिओत मारिपोसा, १९६१ पासून. नोव्हा स्कॉशियाच्या कॅन्सोत गायक स्टॅन रॉजर्सच्या नावाचा महोत्सव.

एडमंटनबद्दल मला जास्त बोलू द्या. गॅलाघर पार्क ही एक टेकडी आहे, हिवाळ्यात लोक तिथे स्की करतात. उन्हाळ्यात त्याच उतारावर हजारो लोक ताडपत्र्या अंथरून बसतात, खाली रंगमंच, मागे नदीपलीकडे शहराच्या इमारती. चांगल्या जागेसाठी सकाळीच चिठ्ठ्या निघतात आणि मग लोक घडी घातलेल्या ताडपत्र्या बगलेत घेऊन उतारावरून धावतात. माझी ताडपत्री घरचीच, अंगणात वाळवणं घालायला आईने दिलेली निळी. दुपारी छोट्या रंगमंचांवर वर्कशॉप असतात, म्हणजे शिकवणी नव्हे. तीन-चार वेगवेगळे कलाकार एका ओळीत बसतात, आळीपाळीने गातात, आणि दुसऱ्याच्या गाण्यात हळूच साथ धरतात. कित्येकदा ते आयुष्यात पहिल्यांदा भेटलेले असतात. नव्या अल्बममधलं गाणं मी अनेकदा आधी तिथेच ऐकलं आहे. अंधार पडला की टेकडीभर मेणबत्त्या लागतात. शेवटच्या रात्री सगळे कलाकार मंचावर येतात आणि सगळी टेकडी 'फोर स्ट्राँग विंड्स' म्हणते.

महोत्सवाला येणं जमत नाही. आमच्या गावात कोणी येतं का?

येतं, घरात सुद्धा. होम रूट्स (इथे 'रूट' म्हणजे मार्ग) ही विनिपेगची संस्था २००७ पासून कलाकारांना गावोगावच्या घरांत पाठवते. यजमान बैठकीची खोली मोकळी करतो, शेजारीपाजारी येतात, आणि जमलेले पैसे कलाकाराच्या हातात जातात. आपल्या घरगुती मैफलीत मोठं झालेल्या माणसाला यात नवीन काही शिकायला लागत नाही. सतरंजी घाला, चहा ठेवा. रात्री गायकाला वरण-भात वाढलात तर तो पुढच्या गावी जाऊन त्याबद्दल सांगेल, हे मी अनुभवाने सांगते.

एकच अल्बम ऐकायचा असेल तर?

फॅरिस आणि जेसन रोमेरो यांचा 'टेल एम यू वेअर गोल्ड', २०२२. हे जोडपं ब्रिटिश कोलंबियातल्या हॉर्सफ्लाय नावाच्या गावी राहतं आणि हाताने बॅन्जो बनवून विकतं. २०१६ मध्ये त्यांच्या कार्यशाळेला आग लागली, वाद्यं आणि हत्यारं जळाली. त्यांनी ती पुन्हा बांधली. हा अल्बम त्यांच्याच जमिनीवरच्या जुन्या गोठ्यात, जेसनने घडवलेल्या बॅन्जोंवर रेकॉर्ड झाला. प्रत्येक बॅन्जोचा आवाज वेगळा आहे: एक खर्जातला, मडक्यासारखा घुमणारा, दुसरा चिमणीसारखा. रात्री घर शांत झालं की, दिवा मालवून, आवाज जरा कमी ठेवून लावा.